पान अकरा ते चौदा

कुवेतला, शुवैखच्या सरकारी छापखान्यात
मी प्लेटा लावतो. रविवारी राजपत्र निघतं.
अरबी मला वाचता येते, कळत नाही.
बाणकोटच्या मदरशात मौलवींनी
अक्षरं आम्हाला दिली, अर्थ स्वतःकडे ठेवला.
म्हणून कायदा मी आकारावरून ओळखतो:
ठळक ओळ, आकडा, मग उतरंड,
शेवटी डाव्या हाताला सही
आणि तळाशी दोन तारखा, एक चंद्राची, एक सूर्याची.

पगारपत्रकात मी सारंज आहे.
यांच्या लिपीत ग नाही, जीमवर भागवलं.
फक्त उस्ताद वगदी, इस्माइलियाचा मुद्रितशोधक,
गावच्या सवयीने जीमचा ग करतो
आणि दिवसातून एकदा माझं आडनाव
माझ्यापर्यंत धडपणी पोचतं.

त्यानेच शिकवलं, चहात साखर ढवळत:
मजलिसने हात वर केले म्हणजे कायदा झाला असं नाही.
कागद वर जातो. तीस दिवस.
परत पाठवायचा तर कारणं लिहावी लागतात,
नुसतं नको म्हणून भागत नाही.
मग तीनातल्या दोघांनी पुन्हा हो म्हणायचं.
"आणि वरून काहीच आलं नाही तर?"
"तर झाला. गप्प बसणं हीसुद्धा सही."
"झाला म्हणजे लागू?"
"छे. तू छापेपर्यंत नाही.
छापल्यावरही महिनाभर थांबतो, दारात चपला काढून."

एकदा प्लेटवर माशी बसून गेली.
ऐनवर ठिपका पडला, ऐनचा गैन झाला,
आणि आरोग्य खात्यातल्या एका कारकुनाची
अझल, म्हणजे बडतर्फी,
गझल होऊन कचेऱ्या-कचेऱ्यांतून फिरली.
पुढच्या अंकात शुद्धिपत्र: ठिपका काढून वाचावे.
आठवडाभर तो माणूस सरकारदरबारी प्रेमात होता.
वगदी हसला नाही. त्याचा दोन दिवसांचा पगार कापला होता.

त्या उन्हाळ्यात चार पानं आली.
वगदीने दार लोटून सांगितलं,
कफील बदलायचा तर यापुढे
जुन्या कफीलची चिठ्ठी लागणार नाही, असं आहे यात.
सात कलमं. मी हात पुसून पुन्हा मोजली.
अकरा ते चौदा अशी जागा राखली,
दर सोमवारी राखायची, शनिवारी रात्री सोडायची.
अठ्ठाविसाव्या दिवशी कागद खाली उतरला,
कारणांसकट. कारणं सुरेख टाइप केलेली.
मजलिसमध्ये पुन्हा मोजणी झाली, म्हणे सहा मतं कमी पडली.
अकरा ते चौदात मग आम्ही घातलं
सांडपाण्याच्या नळांचं टेंडर, हरवलेल्या शिक्क्यांची यादी,
आणि एका दंतमंजनाचा ट्रेडमार्क:
हसरा उंट.

जुलेखाचं पत्र मे महिन्यातच आलं होतं.
मुनीराला दापोलीच्या कॉलेजात घालू का?
मुलांबरोबर बसावं लागेल. तुम्ही म्हणाल तसं.
रात्रपाळीत मी नको-ची कारणं जुळवत राहिलो.
लावून पाहिली, उपटली, पुन्हा लावली,
एकही ओळीत धड बसेना.
ऑगस्टात दुसरं पत्र:
उत्तर नाही, होकार धरला. फी भरली.
खाली तारखा, दोन्ही.

सुट्टीवर जाताना अत्तराच्या बाटल्या
मी त्या चार पानांच्या प्रुफात गुंडाळल्या.
मुनीराने कागद मांडीवर घेऊन तळहाताने सरळ केला.
अब्बा, काय आहे यात?
मी उजवीकडून वाचून दाखवलं,
सातही कलमं, मदरशातल्या सुरात, डोलत.
जुलेखाने सवयीने पदर डोक्यावर घेतला.
"आणि अर्थ?"
"अर्थ," मी म्हटलं, "अजून छापून यायचाय."